देव्हाऱ्याचं काय करायचं

शनिवार, १४ ऑगस्ट १९९९

घर नवीन, म्हणून डायरीही नवीन. जुनी अर्धी कोरी होती. हे म्हणाले, "घर बदललं, त्यात त्या डायरीने काय घोडं मारलंय?" हे म्हणजे हिंमतराव. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी डायरीतसुद्धा नाव घ्यायची सवय नाही. आज एकदा लिहिलं, पुरे.

नाना पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही बिबवेवाडीत आलो. पहिला मजला, फ्लॅट नंबर सात. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, आणि संडास घरातल्या घरात! या शेवटच्या गोष्टीसाठी मी परमेश्वराचे जितके आभार मानले तितके शाळेत कायम झाले तेव्हाही मानले नव्हते. आनंदला कॉम्प्युटरची नोकरी लागली नसती तर आम्हा दोघांच्या पेन्शनीत हे घर झालं नसतं. माझा एकुलता एक मुलगा. नाव ठेवताना विचार करून ठेवलं होतं.

एकच घोटाळा आहे. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना भिंतीत बिल्डरने देव्हारा करून दिलाय. संगमरवरी फळी, वर कमान, कमानीवर कोरलेला ॐ, घंटा टांगायला पितळी हूक, आत छोटा बल्ब. नकाशात नुसता चौकोन होता. मला वाटलं फ्यूजची पेटी असेल.

हे बिल्डरच्या ऑफिसात गेले. म्हणाले, आम्ही ख्रिस्ती आहोत, एवढं काढून द्या. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "सगळ्या फ्लॅटना एकच प्लॅन आहे. तुम्ही देव बसवू नका. आमचा आग्रह नाही." हे "बरं" म्हणून परत आले. यांचं नाव कोणी ठेवलं कोण जाणे.

कोरीव मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, ही दुसरी आज्ञा मी संडे स्कूलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतली. आणि आता माझ्याच घरात मूर्तीची जागा तयार. फक्त मूर्ती तेवढी यायची बाकी.

गुरुवार, १९ ऑगस्ट

देव्हाऱ्यात पवित्र शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, ठेवलं. ॐवर आनंदने कॉम्प्युटरवर छापून आणलेला कागद चिकटवला, 'माझे घराणे परमेश्वराची सेवा करील'. अगदी झकास दिसत होतं.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधली नीरजा ओळख करून घ्यायला आली. बँकेत आहे, गोड मुलगी. सासऱ्यांबरोबर सदाशिव पेठेतून इकडे आली. मी चहा टाकायला आत गेले आणि परत येऊन बघते तो तिने देव्हाऱ्यापुढे हात जोडलेले, आणि शास्त्राच्या काळ्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट! "काकू, तुमचा देव पुस्तकात असतो ना? किती छान."

तिने मनापासून केलं. ती गेल्यावर मी ओल्या फडक्याने पुठ्ठा पुसला. डाग पूर्ण गेला नाही. हे सोफ्यावर बसून एवढे हसले की ठसका लागला.

रविवार, २२ ऑगस्ट

चर्चमधल्या उपासनेनंतर मंडळी घराच्या प्रार्थनेला आली. ज्ञानदेव पाळकांनी कुंकवाची हकिकत ऐकली आणि म्हणाले, "यमुनाबाई, शास्त्र हातात शोभतं. कोनाड्यात ठेवलं की लोक पाया पडणारच. उद्या आपणही पडू." शास्त्र परत माझ्या उशाशी गेलं.

सुंदराबाईंना रिक्षातून आणलं होतं. आमच्या जुन्या चाळीच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात. तरुणपणी नगरकडच्या गावांतून गाणी गात येशूचं शुभवर्तमान सांगत हिंडायच्या, आता डोळ्यांनी काही दिसत नाही. नाना पेठेत होते तोवर दर रविवारी मी त्यांचा हात धरून चालत न्यायची. आता आम्ही इथून रिक्षाने निघतो, वाटेत त्यांना घेतो. त्या चर्चला देऊळच म्हणतात. आम्ही सगळे नगरकडचे जुने लोक तसंच म्हणतो. नीरजाच्या सासऱ्यांना, गोपाळकृष्णरावांना, याचं नवल वाटलं. "आपणही देवळात जाता? मग आम्ही कुठे जातो?"

सुंदराबाईंनी भिंती चाचपत सगळं घर बघून घेतलं. हात देव्हाऱ्यात गेला. "हितं काय हाय गं यमुने?"

"कोनाडा आहे."

"रिकामाच हाय?"

"हो."

"मग राहू दे रिकामा."

त्यांना काय जातंय सांगायला. टापटीप घरात रिकामी फळी म्हणजे पुढचा दात पडल्यासारखी दिसते.

शनिवार, २८ ऑगस्ट

आनंद अमेरिकेला गेला. संगणकांना दोन हजार साल म्हणजे काय ते समजत नाही म्हणे, एकोणीसशे साल परत आलं असं वाटून ते गोंधळ घालतील. ते दुरुस्त करायला पुण्यातून पोरं भरभरून चालली आहेत. चार महिन्यांचं काम म्हणतात, पुढचं काही सांगत नाहीत.

विमानतळावर रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले. हे तर माझ्याआधी.

शनिवार, ४ सप्टेंबर

टेलिफोन आला. लाइनमन दत्तोबा नावाचा, वयस्क माणूस. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली, तिथून जेमतेम देव्हाऱ्यापर्यंत पोचली. "बाई, हितंच ठेवा की. कट्टा तयारच हाय." असं म्हणून त्याने चप्पल दाराबाहेर काढली, हात धुतले, आणि मगच फोन फळीवर ठेवला.

देव्हाऱ्याचा प्रश्न सुटला! इतकं साधं उत्तर आम्हाला सुचलं नाही. टेलिफोन म्हणजे काही मूर्ती नव्हे. उपयोगाची वस्तू आहे.

रविवार, १२ सप्टेंबर

सकाळी आठला आनंदचा पहिला फोन! चार मुलं मिळून एका जागेत राहतात, फोन एकच, म्हणून पाळ्या लावून घेतल्यात. आनंदची पाळी शनिवारी रात्री साडेदहाची, म्हणजे आपली रविवारची सकाळ. भात कच्चा राहतो म्हणाला. मी पाण्याचं माप सांगितलं. ह्यांनी हवामान विचारलं, आणि मग परत हवामानच विचारलं.

तिथून थेट रिक्षा, सुंदराबाई, उपासना. आज गाणी म्हणताना माझा आवाज वरच्या पट्टीत सहज गेला. परमेश्वर चांगला आहे.

बाहेर पडताना पाळकांनी थांबवलं. डिसेंबरात भगिनी मंडळापुढे दुसऱ्या आज्ञेवर मी बोलायचं. "तुमच्याइतकं ठामपणे कोण सांगणार?" ते बरोबरच आहे.

मंगळवार, २८ सप्टेंबर

फोनवर धूळ बसते. क्रोशाचा रुमाल विणला, पांढरा, कडेला निळी वेल. फळी उंच आहे आणि वायर आखूड, उभं राहून गुडघे दुखतात. फळीवरून फोन पुढे ओढून घेतला आणि माळ्यावरचा पाट काढून खाली ठेवला तर वायर बरोबर पुरते. आता पाटावर बसून निवांत बोलता येतं.

रविवार, १० ऑक्टोबर

फोनशेजारी आनंदचा विमानतळावरचा फोटो ठेवला. बोलताना तोंड दिसावं म्हणून. आतला बल्बही लावते, सकाळी तिथे अंधार असतो. नीरजा रोज फुलं आणते, उरलेली शेवंती मला देते. फेकायची कशाला, छोट्या पेल्यात घालून तिथेच ठेवते.

हे हल्ली रविवारी सातलाच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार असतात. पूर्वी उपासनेला निघताना मला तीनदा ओरडावं लागायचं. वय झालं की माणूस सुधारतो.

रविवार, ३१ ऑक्टोबर

आनंद म्हणाला, "आई, इथे आज रात्री घड्याळं एक तास मागे करतात. पुढच्या रविवारपासून माझी पाळी तुमच्या नऊला येईल. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल, चालेल, न चालायला काय झालं?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. नऊला उपासना असते. सव्वाआठला निघावं लागतं.

पण पोरगं दिवसभर राबून येतं. आता त्याला कुठे म्हणायचं, बाबा, दुसऱ्याशी पाळी बदल? आणि चिडून फोन करायचाच बंद झाला तर? चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. परमेश्वर काही घड्याळ लावून बसत नाही.

रविवार, ७ नोव्हेंबर

आज गेलो नाही. बाहेर सगळीकडे लक्ष्मीपूजनाची गडबड होती.

आठपासून तयार होऊन बसलो. नऊ वाजून दोन मिनिटांनी वाजला. मी नीरजाने दिलेल्या फराळाचं ताट फोनपुढे ठेवून घेतलं होतं, म्हणजे त्याला एकेक पदार्थ बघून नीट सांगता येईल. चकली किती काटेरी, करंजी किती खुसखुशीत. तो म्हणाला, "आई, पुरे, रडू येतंय." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं.

फराळ घेताना मी नीरजाला स्पष्ट विचारलं होतं, देवापुढे ठेवलेला नाही ना? ती बिचारी म्हणाली, "नाही काकू, तुमचा आधीच वेगळा काढला." या बाबतीत मी सवलत घेत नाही.

सुंदराबाईंना निरोप द्यायचा राहिला. चाळीतलं कोणी ना कोणी नेईलच.

रविवार, १४ नोव्हेंबर

तेरा मिनिटं बोलला. केयूर नावाचा मुलगा खोलीत आहे, बडोद्याचा, तो पोळ्या करतो. उपासना घरीच केली. म्हणजे एक गाणं म्हटलं. दुसरं सुरू केलं आणि हे म्हणाले, "हळू, वाजला तर ऐकू येणार नाही."

रविवार, २१ नोव्हेंबर

आज मला राग आलाय.

पावणेनऊला गोपाळकृष्णराव वर्तमानपत्र मागायला आले. मी पाटावर, हे शेजारी सतरंजीवर, बल्ब लावलेला. ते दारात थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बसा, बसा. आपल्या वेळेला आलो वाटतं." मी म्हटलं, मुलाचा फोन येणार आहे. त्यावर म्हणाले, "आमच्यापेक्षा आपलं बरं आहे, साळवेबाई. आमचे देव कधी वाजत नाहीत."

पेठी बोलणं! स्वतःच्या श्रद्धेची थट्टा करतात ती करतात, वर माझ्या मुलाच्या फोनचीही. मी वर्तमानपत्र दिलं, चहा विचारला नाही. हे मात्र गालात हसत होते. फोन आला तेव्हा माझा आवाज कोरडा होता, आनंदने विचारलंसुद्धा.

रविवार, २८ नोव्हेंबर

कोणी तरी रस्ता खणला आणि केबल तुटली. फोन मुका.

तरी नऊला बसलो. न जाणो, आयत्या वेळी लाइन येईल. रिसीव्हर उचलून कानाला लावला, काही नाही. "हॅलो" म्हटलं, काही नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी डोळे मिटून म्हटलं, परमेश्वरा, लाइन येऊ दे. आज मी केलेली ही एवढीच प्रार्थना. आली नाही. दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. हे भाजी चांगली झाली म्हणाले तेही ऐकू आलं नाही म्हणे.

बुधवार, १ डिसेंबर

लाइन आली. भगिनी मंडळाचं भाषण लिहून काढलं. मला स्वतःला आवडलं.

सुरुवात शास्त्रातल्या एका स्तोत्रातली घेतली. मूर्तीला तोंड असतं पण ती बोलत नाही, कान असतात पण ऐकत नाही, आणि जे तिच्यावर भरवसा ठेवतात ते तिच्यासारखेच होतात. शेवटी मूर्तिपूजकांचा अग्निसरोवरातला वाटा, अनंतकाळचा, न संपणारा. लहानपणी आमचे पाळक ते इतकं रंगवून सांगायचे की मी रात्री पाय पांघरुणाबाहेर काढत नसे. हल्ली कोणी सांगत नाही. लोकांना गोड गोड लागतं. चर्चमधले रावसाहेब मात्र दोन हजार साली जगाचा अंत म्हणून रॉकेलचे डबे आणि गव्हाचं पोतं भरून बसलेत. अंतच होणार तर गहू कशाला, हे मला समजलेलं नाही.

लिहिताना नीरजाचा चेहरा मधे मधे आला. तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली.

ह्यांना वाचून दाखवलं. यांनी नीट ऐकलं, एकदा देव्हाऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "चांगलं आहे. जरा लांबलंय."

शुक्रवार, १० डिसेंबर

पाळक घरी आले. मी आधीच कारणं तयार ठेवली होती, पण त्यांनी विचारलं भलतंच. "यमुनाबाई, तुम्ही आणि सुंदराबाई बिबवेवाडीकडच्या दुसऱ्या चर्चला जायला लागलात का? पाच रविवार दोघी नाहीत. प्रभुभोजनालाही नव्हता."

"सुंदराबाई येत नाहीत?"

"नाही. मला वाटलं तुमच्याबरोबर असतील."

उद्या जाते.

शनिवार, ११ डिसेंबर

गेले. सुंदराबाई खोलीच्या दारात पायरीवर बसल्या होत्या. माझी चाल ओळखली. "आलीस? आज रविवार हाय का?"

"नाही, शनिवार."

"मग बरोबर. लुगडं नेसले नाय मी."

शेजारची बाई मग सांगायला लागली. दर रविवारी म्हातारी पहाटे उठते, पांढरं लुगडं नेसते, काठी घेऊन या पायरीवर येऊन बसते. रस्त्याला रिक्षा वाजली की उठून उभी राहते. रिक्षा पुढे गेली की बसते. उन्हं डोक्यावर येईपर्यंत. आम्ही नेतो म्हटलं तर ऐकत नाही, यमुना येईल म्हणते.

मला तिथे उभं राहवेना. मी पायरीवर बसले आणि सुंदराबाईंचा हात धरून रडले. सगळं सांगितलं, आनंद, घड्याळं, नऊची पाळी.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या. "अगं, चूक तुझी नाय, माझीच हाय. शेजारीण न्यायला तयार होती, पर मी हटून बसले. समदा वेळ कान रिक्षाकडं. एक गाणं म्हटलं नाय, एक प्रार्थना केली नाय. जन्मभर गावोगाव लोकास्नी सांगत फिरले, दगडाफुडं बसू नका. आन् म्हातारपणी तुझ्याफुडं बसले. एवढी वाट मी कधी देवाची बी बघितली नाय बघ."

त्या बोलत होत्या स्वतःबद्दल.

घरी आले. चप्पल न काढता देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. पाट. बल्ब. शेवंती. फोटो. मी स्वतः विणलेला रुमाल, आणि त्याखाली तो काळा, तोंड असलेला, कान असलेला. वर माझाच कागद, माझे घराणे परमेश्वराची सेवा करील. कशाकशाची आठवण झाली ते लिहवत नाही. फराळाचं ताट आठवलं तेव्हा मात्र हसू फुटलं. रडत होते आणि हसत होते. हे धावत बाहेर आले.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मीसुद्धा आंघोळ करून बसत होतो की," हे म्हणाले.

संध्याकाळी यांनी बाजारातून वायर आणली आणि जोडून फोन दारामागच्या चपलांच्या स्टँडवर नेऊन ठेवला. रुमाल टीव्हीवर घातला, मग तिथूनही काढला. कपाटात ठेवला.

रविवार, १२ डिसेंबर

रात्रभर मनात एकच, आनंदला कळवायचं कसं? त्यांच्या जागेचा नंबर आहे, पण दिवसभर तिथे कोणी नसतं आणि आनंदचं ऑफिस कुठलं ते मला नीट ठाऊक नाही. सकाळी हे म्हणाले, "तू जा, मी थांबतो फोनला." मला ते फार गोड वाटलं. एकाने जायचं, एकाने थांबायचं, काय वाईट आहे? मी "बरं" म्हणणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "नको. मी थांबलो तर पुढच्या रविवारी तू थांबशील."

हल्लीच्या सवयीने आवरायला उशीर झाला. दाराबाहेर आलो. यांनी कुलूप लावलं. किल्ली फिरवली आणि आत फोन वाजायला लागला.

चपलांच्या स्टँडवर, दाराला अगदी लागून. हात आत घातला असता तर लागला असता. मनात म्हटलं, एकदा फक्त "देवळात जातोय" एवढं सांगून ठेवते, अर्ध्या मिनिटाचं काम. मी ह्यांच्याकडे किल्लीसाठी हात पुढे केला.

यांनी किल्ली खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता काही केलं. "चल," म्हणाले, "सुंदराबाई उभ्या असतील."

जिना उतरेपर्यंत वाजत होता. फाटकापर्यंत ऐकू येत होता, की कानातच राहिला होता, कोण जाणे.

उपासनेला पाऊण तास उशिरा पोचलो. सुंदराबाईंनी पांढरं लुगडं नेसलेलं, काठी बाकाला टेकवली, आणि मधूनच गाणं उचललं ते इतक्या मोठ्याने की पेटीवाल्याला त्यांच्या मागून जावं लागलं. मी गायले नाही, मला जमत नव्हतं. पण मी तिथे होते.

संध्याकाळी फोन आला नाही.

बुधवार, १५ डिसेंबर

आला नाही. पाळी आठवड्यातून एकदाच असते हे मला कळतं, पण मन मानत नाही. तो घाबरला असेल, रागावला असेल, आई-बाप आजारी पडले म्हणून रडला असेल. काल एकदा आणि आज एकदा त्यांच्या नंबरवर लावून बघितला, कोणी उचलला नाही. स्टँडजवळून जाताना मी मुद्दाम दुसरीकडे बघते. ते बघून नीरजा म्हणाली, "काकू, फोनशी भांडलात का?"

गोपाळकृष्णरावांना चहाला बोलावलं. त्या दिवशीचा राहिला होता. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. "विसर्जन केलंत?"

"केलं," मी म्हटलं. "तुम्ही बोललात ते बरोबर होतं."

माणूस चक्क ओशाळला. "अहो, मी आपली थट्टा केली. आपणा ख्रिस्ती लोकांत मूर्ती म्हणजे फार मोठं पाप, हे मला माहीत आहे. म्हणजे आम्ही सगळे तिकडे आगीतच, नाही का?"

पूर्वी मला उत्तर पाठ होतं. आज म्हटलं, "आम्हाला शिकवलंय ते मी मानते. पण गेला महिनाभर त्या रांगेत तुमच्या पुढे मीच उभी होते. तेव्हा तुमचं मी काय सांगू?"

त्यांनी बशीतला चहा फुंकून संपवला. "आपण फार सरळ माणूस आहात, साळवेबाई," म्हणाले. पुण्यात याला स्तुती म्हणतात.

शनिवार, १८ डिसेंबर

भगिनी मंडळ झालं. लिहिलेलं भाषण घरीच ठेवलं. फोनचीच गोष्ट सांगितली. फराळाच्या ताटापाशी बायका हसून हसून बेजार झाल्या. पायरीवरच्या पांढऱ्या लुगड्यापाशी कोणीच हसलं नाही.

मी म्हटलं, लहानपणी मला आगीची भीती घातली, आणि शास्त्रात आहे ते मी खोटं म्हणत नाही. पण आता मला दुसरीच भीती वाटते. माणूस ज्याच्यापुढे बसतो त्याच्याबरोबरच त्याला कायमचं ठेवलं तर? त्या रविवारी फोन मेलेला होता तरी मी पाटावरून उठले नव्हते. तसंच बसून राहायचं, अनंतकाळ, कान लावून, आणि पलीकडे कोणी नाही. ज्याला तोंड असून बोलता येत नाही त्याच्यापुढे बसून मी मुकी झाले होते, आणि सुंदराबाईंची हाक मला ऐकू येत नव्हती. शिक्षा पुढे मिळते असं आपण म्हणतो. माझी सुरूही झाली होती.

सुंदराबाईंनी पहिल्या बाकावरून विचारलं, "मग आता त्या कोनाड्यात काय हाय?"

"काही नाही."

"मी तवाच म्हटलं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

आनंदला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

रविवार, १९ डिसेंबर

कुलूप लावलं. आज वाजला नाही. मी जिन्यात मुद्दाम हळू उतरले, तरी नाही. हे खरंच लिहिते, आज मला तो वाजायला हवा होता.

उपासनेत गायले. सुंदराबाईंचा हात हातात होता, त्यामुळे जमलं.

संध्याकाळी सातला मी भाकरी थापत होते आणि फोन वाजला. पिठाच्या हातानेच उचलला. आनंद! त्याच्याकडे रविवारची सकाळ. केयूरशी पाळी बदलून घेतली म्हणाला. एवढ्या साध्या गोष्टीला मी दीड महिना घाबरत होते.

मी भडाभडा बोलायला लागले. गेल्या रविवारी आम्ही, म्हणजे देवळात, तू रागावू नकोस, बाबांनी किल्ली...

"आई, ऐक तरी," तो म्हणाला. "मला नऊची उपासना माहीत नव्हती का? लहानपणापासून तूच कान धरून नेलंस. घड्याळं बदलली तेव्हा मला वाटलं होतं, तू म्हणशील, नाही चालणार. तू लगेच चालेल म्हणालीस. मग दर आठवड्याला मला वाटायचं, आज उचलणार नाहीत. आणि तुम्ही पहिल्याच रिंगला उचलायचात. विचारायची हिंमत झाली नाही."

बापावर गेलाय.

"मग गेल्या शनिवारी वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. केयूर बाजूला पोळ्या लाटत होता. मला म्हणाला, काय रे, घरी कोणी उचलत नाही आणि तू हसतोयस काय?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, उचलत नाहीत, म्हणजे घरी सगळं ठीक आहे."